गुडघा टेकून जिंकणं

मराठीत ‘गुडघे टेकले’ म्हणजे हार मानली. अमेरिकन फुटबॉलमध्ये मात्र गुडघा टेकवतो तो जिंकत असलेला संघ. मॅच संपत आलेली असते, आपण पुढे असतो आणि बॉल आपल्याकडे असतो. अशा वेळी क्वार्टरबॅक बॉल हातात घेतो, शांतपणे एक गुडघा गवताला लावतो आणि उठतो. चाल संपली. घड्याळ पळत राहतं. दोन-तीनदा हेच केलं की मॅच खिशात.

७ ऑक्टोबर २०२३ च्या रात्री मायामी विद्यापीठाच्या संघाला हे फक्त एकदाच करायचं होतं. समोर होता जॉर्जिया टेकचा संघ. (आपल्याकडे हे नाव कम्प्युटर सायन्सच्या एमएससाठी जास्त माहीत असतं.) मायामी २०-१७ ने पुढे होती. बॉल त्यांच्याकडे होता, घड्याळात साधारण अर्धं मिनिट उरलं होतं आणि जॉर्जिया टेकचे सगळे टाइमआउट संपलेले होते. एक चाल संपल्यावर पुढची सुरू करायला संघाला ४० सेकंद मिळतात. म्हणजे एकदा गुडघा टेकवून नुसतं उभं राहिलं असतं, तरी घड्याळ शून्यावर गेलं असतं.

मायामीने बॉल धावपटूच्या हातात दिला. तो पळाला, त्याला पाडलं आणि बॉल हातातून निसटला. २६ सेकंद उरलेले असताना तो जॉर्जिया टेकला मिळाला. तिथून ७४ यार्ड कापून, शेवटचा एक सेकंद उरला असताना त्यांनी टचडाउन केला. स्कोअर २३-२०. मायामी हरली.

कोच मारिओ क्रिस्टोबाल नवखे नव्हते. विद्यार्थी असताना ते याच विद्यापीठाकडून खेळलेले होते. बरं, पाच वर्षांपूर्वी, सप्टेंबर २०१८ मध्ये, ते ओरेगन विद्यापीठाचे कोच असताना जवळपास हेच घडलं होतं. स्टॅनफर्डविरुद्ध शेवटच्या मिनिटात पुढे असताना त्यांच्या संघाने बॉल घेऊन पळायचं ठरवलं, बॉल सुटला आणि ओव्हरटाइममध्ये मॅच गेली. मायामीच्या पराभवानंतर, आपण मध्ये पडून गुडघा टेकवायला सांगायला हवं होतं, हे त्यांनी स्वतःच मान्य केलं.

या घटनेवर हसणं सोपं आहे. मला पडलेला प्रश्न वेगळा आहे. अर्ध्या मिनिटाचं हे गणित पाचवीतलं पोरही करेल. मग ज्यांचं पोटच या खेळावर चालतं, अशा माणसांना ते का जमू नये? उत्तर शोधायला गेलं की लक्षात येतं, हा प्रश्न गणिताचा नाहीच. ‘काहीही न करता जिंकणं’ हे जिंकणं आहे का, या वादाइतका जुना तो आहे. आणि हा वाद खुद्द या खेळाच्या जन्माइतकाच जुना आहे.

घड्याळ कधी चालतं, कधी थांबतं

ज्यांनी हा खेळ फक्त हॉलिवूडच्या सिनेमात पाहिला आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. मैदान १०० यार्डांचं, एक यार्ड म्हणजे मीटरहून किंचित कमी. प्रत्येक बाजूला ११ खेळाडू. बॉल ज्यांच्याकडे आहे त्यांना १० यार्ड पुढे सरकायला चार प्रयत्न मिळतात. जमलं तर नवे चार प्रयत्न, नाही जमलं तर बॉल समोरच्यांना. शेवटच्या रेषेपलीकडे बॉल नेला की टचडाउन, सहा गुण. दोन खांबांमधून लाथेने मारला की फील्ड गोल, तीन गुण.

खेळ ६० मिनिटांचा, १५-१५ मिनिटांचे चार भाग. पण ही ६० मिनिटं संपायला तीन तासांहून जास्त वेळ लागतो, कारण घड्याळ सतत थांबतं आणि सुरू होतं. खरी गंमत या थांबण्यात आहे. हवेत फेकलेला पास कोणी न झेलता जमिनीवर पडला, तर घड्याळ थांबतं. बॉल घेऊन पळणाऱ्याला मैदानाच्या आत पाडलं, तर ते चालू राहतं. शेवटच्या मिनिटांत तो रेषेबाहेर गेला तर थांबतं. शिवाय दोन्ही संघांना प्रत्येक अर्ध्या डावात तीन टाइमआउट मिळतात.

म्हणून शेवटची दोन मिनिटं आली की दोन्ही संघ दोन वेगळे खेळ खेळायला लागतात. मागे असलेला संघ सारखा पास फेकतो आणि झेलणारा बाहेरच्या रेषेकडे धावत सुटतो. पुढे असलेला संघ बॉल पोटाशी घट्ट धरून मधोमध घुसतो. एकाला सेकंद वाचवायचे असतात, दुसऱ्याला जाळायचे असतात. समोरच्याकडे टाइमआउट उरले नसतील, तर पुढे असलेला संघ तीनदा गुडघा टेकवून साधारण दोन मिनिटं सहज संपवतो. तेवढ्या वेळात खेळ असा काही होतच नाही.

स्टेडियममध्ये हजारो माणसं पैसे देऊन आलेली असतात आणि समोर एक माणूस गुडघ्यावर बसून उठतोय. हे चालू द्यायचं का?

१८८१: जेव्हा कोणीच काही केलं नाही

हा प्रश्न पहिल्यांदा उभा राहिला तेव्हा अमेरिकन फुटबॉल धड वेगळा खेळही झाला नव्हता. इंग्लंडहून आलेल्या रग्बीत, झोंबाझोंबीत बॉल कोणाकडे जाईल याचा नेम नसायचा. १८८० मध्ये येल विद्यापीठाच्या वॉल्टर कॅम्पने एक बदल करून घेतला. बॉल कोणत्या तरी एका संघाचा असेल आणि तोच संघ चाल सुरू करेल. नियम चांगला होता, खेळात शिस्त आली. पण त्यात एक मोठं भोक राहून गेलं. बॉल किती वेळ आपल्याकडे ठेवायचा, याला मर्यादाच नव्हती.

पुढच्याच वर्षी येल आणि प्रिन्स्टन समोरासमोर आले. पहिला संपूर्ण अर्धा डाव प्रिन्स्टनने बॉल धरून ठेवला. दुसरा संपूर्ण अर्धा डाव येलने धरून ठेवला. स्कोअर ०-०. नियम कोणीच मोडला नव्हता. इतिहासात ही मॅच ‘ब्लॉक गेम’ म्हणून ओळखली जाते आणि ती पाहणाऱ्यांची काय अवस्था झाली असेल याची कल्पना करता येते.

प्रो कबड्डी पाहणाऱ्यांना यावरचा उपाय ओळखीचा वाटेल. लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरी ‘डू ऑर डाय’: गुण आणा, नाहीतर बाद व्हा. वेळकाढूपणा मोडून काढायला आपल्या कबड्डीने जे केलं, तेच कॅम्पने १८८२ मध्ये केलं होतं. तीन प्रयत्नांत पाच यार्ड पुढे सरका, नाहीतर बॉल सोडा. पाच यार्ड मोजायला मैदानावर दर पाच यार्डांवर चुन्याच्या रेषा आल्या. मैदान भाजायच्या जाळीसारखं दिसायला लागलं, म्हणून त्याला ‘ग्रिडआयर्न’ हे नाव पडलं. पुढे १९०६ मध्ये पाचाचे दहा यार्ड झाले, १९१२ मध्ये तीनाचे चार प्रयत्न झाले. अमेरिकन फुटबॉलची आजची सगळी रचना त्या एका रटाळ मॅचवर दिलेलं उत्तर आहे.

म्हणजे ‘काहीच न करणं’ बेकायदेशीर ठरवूनच हा खेळ रग्बीपासून वेगळा झाला. फक्त एक फट उरली. चार प्रयत्न संपायच्या आत घड्याळच संपत असेल, तर पुढे सरकायची गरज नाही. ही फट बुजवता येणार नव्हती, कारण प्रत्येक मॅच कधीतरी संपतेच.

१९६६: बरोबरी म्हणजे पळपुटेपणा?

१९ नोव्हेंबर १९६६. मिशिगन राज्यातलं ईस्ट लॅन्सिंग. देशात पहिल्या क्रमांकावर असलेलं नोत्र दाम आणि दुसऱ्या क्रमांकावरचं मिशिगन स्टेट. दोघंही तोवर अजिंक्य. वर्तमानपत्रांनी आधीच या मॅचला शतकातली मॅच ठरवून टाकलं होतं.

नोत्र दामचं सुरुवातीपासून बिनसलं. त्यांचा भरवशाचा धावपटू निक एडी गावात पोचल्यावर ट्रेनमधून उतरताना बर्फावरून घसरला आणि त्याचा खांदा दुखावला. क्वार्टरबॅक टेरी हॅनरॅटी पहिल्याच भागात जखमी होऊन बाहेर गेला. त्याच्या जागी आला कोली ओब्रायन, मधुमेहाचा रुग्ण. ०-१० अशा पिछाडीवरून या तुटक्या संघाने १०-१० अशी बरोबरी साधली. शेवटचं दीड मिनिटही उरलं नव्हतं तेव्हा बॉल पुन्हा त्यांच्याकडे आला, पण स्वतःच्या टोकाला, ३० यार्डांच्या रेषेपाशी.

कोच आरा पार्सेघियन यांनी पास फेकून जिंकायचा धोका घेतला नाही. बॉल पोटाशी धरून जवळजवळ सगळा वेळ मधोमध धावा काढल्या आणि मॅच संपवली. मिशिगन स्टेटचे खेळाडू मैदानातच त्यांना डिवचत होते. मॅच १०-१० सुटली.

त्या काळी कॉलेज फुटबॉलमध्ये अंतिम सामना नावाची गोष्टच नव्हती. विजेता कोण, हे पत्रकार आणि कोच मतदानाने ठरवायचे. मिशिगन स्टेटचा मोसम त्या दिवशी संपला. नोत्र दामची एक मॅच बाकी होती. आठवड्याभराने त्यांनी सदर्न कॅलिफोर्नियाला ५१-० ने चिरडलं आणि दोन्ही प्रमुख मतदानांत पहिला क्रमांक मिळवला. पार्सेघियन यांचा हिशोब बरोबर निघाला. तरीही पुढची कित्येक वर्षं, एवढी मोठी कारकीर्द असूनही, त्यांना विचारला जाणारा प्रश्न एकच असायचा: तुम्ही जिंकायचा प्रयत्न का नाही केला?

क्रिकेटवर वाढलेल्या आपल्याला हा राग पटकन कळत नाही. जानेवारी २०२१ मध्ये सिडनीत हनुमा विहारी १६१ चेंडू खेळला, धावा फक्त २३. तो आणि अश्विन दुखऱ्या अंगाने उभे राहिले, मॅच अनिर्णित राहिली आणि आपण तो दिवस विजयासारखा साजरा केला. वेळ संपेपर्यंत टिकून राहणं ही कसोटीत कला आहे. पण कसोटीत टिकून राहणाऱ्यावर प्रत्येक चेंडू येत असतो, त्याला रोज नवं उत्तर द्यावं लागतं. फुटबॉलमध्ये बॉल ज्याच्या हातात, घड्याळही त्याच्याच हातात. त्याने काही न करणं म्हणजे समोरच्याला खेळूच न देणं. १८८१ चा राग याच गोष्टीचा होता आणि १९६६ चाही.

या रागाची किंमत दुसऱ्याच एका माणसाने मोजली. २ जानेवारी १९८४, ऑरेंज बोल. नेब्रास्काचा संघ पूर्ण मोसम अजिंक्य. मायामीविरुद्ध चौथ्या भागात ते १४ गुणांनी मागे पडले होते, तिथून परत आले आणि ४८ सेकंद उरले असताना स्कोअर झाला ३०-३१. टचडाउननंतर साधी किक मारली तर एक गुण, म्हणजे बरोबरी. आणि बरोबरी झाली असती तर अजिंक्य राहिलेल्या नेब्रास्कालाच बहुतेक मतं पडली असती. पार्सेघियन यांचा रस्ता समोर मोकळा होता.

कोच टॉम ऑस्बर्न यांनी दोन गुणांची चाल खेळायचं ठरवलं. जिंकलो तर विजेते, नाहीतर पराभूत. पासला मायामीच्या खेळाडूचा हात लागला. मॅच गेली, मोसम गेला, विजेतेपदही मायामीकडे गेलं. ऑस्बर्न यांना पहिलं राष्ट्रीय विजेतेपद मिळायला १९९४ उजाडलं.

अमेरिकेत आजही ऑस्बर्न यांचं नाव त्या पराभवासाठी आदराने घेतलं जातं आणि पार्सेघियन यांच्या त्या विजेतेपदापुढे प्रश्नचिन्ह लागतं. मला दोघंही बरोबर वाटतात आणि हीच अडचण आहे. एकाने आपल्या थकलेल्या, जखमी पोरांची मेहनत जपली. दुसऱ्याने पोरांना न हरता निसटण्याऐवजी जिंकायची संधी दिली. यातलं शहाणपण कुठलं आणि भित्रेपण कुठलं, हे निकालाआधी कोण सांगणार? १९९६ पासून कॉलेज फुटबॉलने सगळ्याच मॅचना ओव्हरटाइम लावला आणि बरोबरीच रद्द करून टाकली. प्रश्नाचं उत्तर मिळालं नाही, प्रश्नच पुसला गेला.

१९७८: गुडघ्याला कपडे मिळाले

इथे थोडं व्यावसायिक फुटबॉलकडे, म्हणजे एनएफएलकडे वळावं लागेल, कारण आज कॉलेजच्या मैदानावर दिसणारी गुडघा टेकवायची रचना तिथल्या एका अपघातातून आली. तारीख योगायोगाने पुन्हा १९ नोव्हेंबर.

न्यूयॉर्क जायंट्स १७-१२ ने पुढे, फिलाडेल्फिया ईगल्सकडे टाइमआउट नाहीत, अर्धं मिनिट उरलेलं. परिस्थिती मायामीसारखीच. त्या काळी गुडघा टेकवणं कायदेशीर होतं, पण त्यात शान नव्हती. शिवाय धोका होता. आधीच्या एका चालीत क्वार्टरबॅक जो पिसार्सिक खाली बसला, तेव्हा चिडलेल्या ईगल्सनी जायंट्सच्या खेळाडूंना धडक मारली आणि बाचाबाची झाली. बाहेरून चाली ठरवणारे सहायक कोच बॉब गिब्सन यांनी मग सांगितलं, बॉल धावपटू लॅरी झोंकाला दे. मैदानातल्या खेळाडूंना हे पटलं नव्हतं. त्यांनी पिसार्सिकला, असं करू नकोस, म्हणून सांगूनही पाहिलं. पण वरून आलेला हुकूम होता.

बॉल एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात जाताना सुटला. ईगल्सच्या हर्मन एडवर्ड्सने तो उसळलेला उचलला आणि थेट टचडाउन केला. १९-१७. गिब्सन यांना दुसऱ्याच दिवशी नोकरीवरून काढलं.

त्यानंतर संघांनी गुडघा टेकवायची रीतसर रचना बसवली. क्वार्टरबॅकच्या दोन्ही बाजूंना एकेक खेळाडू अगदी चिकटून उभा, कारण बॉल सुटलाच तर त्यांनी त्यावर पडायचं. आणि सगळ्यांच्या मागे, बराच दूर, एक एकटा खेळाडू. या रचनेला नाव मिळालं ‘व्हिक्टरी फॉर्मेशन’. कालपर्यंत ज्याची लाज वाटायची, त्याला आज ‘विजय’ नाव देऊन सन्मानाने मैदानात उतरवलं. सरावात त्याची तालीम व्हायला लागली. माणसाला एखादी गोष्ट करायची लाज वाटत असेल, तर तिला विधी बनवून टाकणं हा जुना उपाय आहे.

चार सेकंद, एक सेकंद

काहीच न करण्याची एक दुसरी बाजूही आहे. मागे असलेल्या संघालाही कधीकधी काही न करता नुसती वाट पाहावी लागते. ते तर आणखी अवघड.

२० नोव्हेंबर १९८२, बर्कली. स्टॅनफर्ड १७-१९ ने मागे. त्यांच्या क्वार्टरबॅकने, म्हणजे पुढे दिग्गज झालेल्या जॉन एल्वेने, अशक्य वाटणाऱ्या जागेवरून संघाला फील्ड गोलच्या टप्प्यात आणलं. आता फक्त घड्याळ जवळजवळ शून्यावर येऊ द्यायचं, मग टाइमआउट घ्यायचा, किक मारायची. किक हवेत असतानाच मॅच संपली असती. टाइमआउट घेतला गेला तेव्हा ८ सेकंद उरले होते. किक बरोबर बसली, २०-१९. घड्याळात उरले ४ सेकंद.

नियमाप्रमाणे बॉल पुन्हा समोरच्यांना द्यावा लागला. त्या एकाच चालीत कॅलिफोर्नियाच्या खेळाडूंनी एकमेकांकडे पाच वेळा बॉल मागे फेकला. मॅच संपली असं समजून स्टॅनफर्डचा बँड वाद्यांसकट मैदानात घुसला होता. केव्हिन मोएन त्या गर्दीतून पळत गेला, टचडाउन केला आणि एका ट्रॉम्बोनवाल्याला आडवा केला. २५-२०. आजही ही चाल अमेरिकेत नुसती ‘द प्ले’ म्हणून ओळखली जाते. बँडचा किस्सा सगळे सांगतात. त्याआधी घाईत घेतलेल्या टाइमआउटबद्दल क्वचितच कोणी बोलतं, पण तो चार सेकंद उशिरा घेतला असता तर ‘द प्ले’ घडलंच नसतं. एल्वेची ती शेवटची कॉलेज मॅच. त्या पराभवाने स्टॅनफर्डचं मोसमाअखेरचं बोल सामन्याचं दार बंद झालं आणि एल्वे कॉलेजमध्ये एकही बोल सामना खेळला नाही.

३० नोव्हेंबर २०१३ ची अलाबामा आणि ऑबर्न यांची मॅच याच्याही पुढची. स्कोअर २८-२८, घड्याळ शून्यावर, ओव्हरटाइम होणार असं दिसत होतं. अलाबामाचे कोच निक सेबन यांनी पंचांकडे दाद मागितली: आमचा खेळाडू बाहेर गेला तेव्हा एक सेकंद उरला होता. व्हिडिओ पाहिला, ते बरोबर होते. एक सेकंद परत मिळाला. त्यांनी ५७ यार्डांवरून किक मारायला लावली. ती आखूड पडली. टोकाला उभ्या असलेल्या ऑबर्नच्या ख्रिस डेव्हिसने ती झेलली आणि संपूर्ण मैदान धावून टचडाउन केला. ३४-२८. देशातला पहिल्या क्रमांकाचा संघ स्वतः मागून घेतलेल्या सेकंदात हरला. सेबन तर शिस्तीसाठी प्रसिद्ध. मिळालेला वेळ वापरलाच पाहिजे, ही ओढ त्यांनाही आवरली नाही.

प्रत्येक नियमामागे एक मॅच

मी दिवसभर सॉफ्टवेअर लिहितो. जुन्या कोडमध्ये कधीकधी एखादी विचित्र अट दिसते: अमुक असेल आणि तमुक नसेल तरच पुढे जा. ही कोणी आणि का लिहिली असेल असं वाटतं. खोदत गेलं की कळतं, कधीतरी मध्यरात्री काहीतरी कोसळलं होतं आणि ही ओळ म्हणजे त्याचा व्रण आहे. कॉलेज फुटबॉलचं नियमपुस्तक असंच वाचायचं असतं.

डिसेंबर २०१० मध्ये नॉर्थ कॅरोलायनाने टेनेसीविरुद्ध शेवटच्या सेकंदांत गोंधळ घातला. जास्तीचे खेळाडू मैदानात असतानाच त्यांनी बॉल जमिनीवर आपटून घड्याळ थांबवलं. दंड झाला, पण थांबलेलं घड्याळ त्यांच्याच कामी आलं. त्यांनी किक मारून बरोबरी केली आणि पुढे मॅच जिंकली. २०११ पासून नियम आला: शेवटच्या मिनिटात अशा चुकीने घड्याळ थांबलं तर १० सेकंद कापले जाऊ शकतात. २०१३ मध्ये आणखी एक भर: बॉल आपटून घड्याळ थांबवायचं असेल तर किमान ३ सेकंद उरलेले हवेत.

१२ ऑक्टोबर २०२४ चा प्रकार तर अस्सल हॅकरचा. ओहायो स्टेटविरुद्ध ओरेगन ३२-३१ ने पुढे, १० सेकंद उरलेले. ओरेगनने मैदानात ११ ऐवजी १२ खेळाडू ठेवले. एक जास्तीचा माणूस असल्यामुळे ओहायो स्टेटची चाल फसली. दंड म्हणून ओरेगनने फक्त पाच यार्ड गमावले, पण चालीत गेलेले ४ सेकंद परत आले नाहीत. ओरेगन जिंकलं. अशा प्रसंगांचा आम्ही सराव केलेला असतो, असं कोच डॅन लॅनिंग यांनी नंतर शांतपणे सांगितलं. काही दिवसांतच, मोसम चालू असतानाच, एनसीएएने खुलासा काढला. यापुढे असं झालं तर समोरच्या संघाला गेलेले सेकंद परत मागता येतील. पॅच आला. १८८१ नंतर कॅम्पने केलं तेच, फक्त आता वर्षाऐवजी आठवडा पुरला.

पण मायामीसाठी पॅच लिहिता येत नाही. तिथे नियमात भोक नव्हतं. नियम त्यांच्याच बाजूने होता. उभं राहून वाट पाहा, एवढंच तो सांगत होता. त्या क्षणी आडवी आली ती १४० वर्षांची सवय: खरा संघ पुढे सरकतो, खरा संघ थांबत नाही. ज्या खेळाने काही न करणं बेकायदेशीर ठरवून स्वतःला घडवलं, त्या खेळात वाढलेल्या माणसाला बरोबर त्याच क्षणी ‘काही करू नकोस’ असं स्वतःला सांगावं लागतं. हे गणित सोपं आहे असं मला आता वाटत नाही.

फक्त त्याची किंमत कोण मोजतं, हे विसरू नये. निर्णय घेणाऱ्या कोचचा वार्षिक पगार लाखो डॉलरमध्ये असतो. बॉल सुटतो तो बहुतेकदा अठरा ते बावीस वर्षांच्या विद्यार्थ्याच्या हातातून. पुढे कित्येक वर्षं व्हिडिओत दिसतो तोही तोच विद्यार्थी, चाल निवडणारा माणूस नाही. १९७८ च्या जायंट्सच्या खेळाडूंना कळत होतं की हे चुकतंय, पण मैदानातल्या माणसाकडे निर्णय नव्हता, फक्त बॉल होता.

पुढच्या वेळी एखादी मॅच समोर आली तर शेवटचं मिनिट बघा. क्वार्टरबॅक गुडघा टेकवेल, प्रेक्षक उठून पार्किंगकडे निघालेले असतील, कॅमेरा हस्तांदोलन करणाऱ्या कोचकडे वळेल. त्या वेळी सगळ्यांच्या मागे, बरंच दूर उभ्या असलेल्या त्या एकट्या खेळाडूकडे लक्ष द्या. त्याच्याकडे बॉल येत नाही. तो कोणाला अडवत नाही, कोणी त्याला अडवत नाही. ज्या दिवशी सुटलेला बॉल उचलून एडवर्ड्स पळाला, तेव्हा त्याच्या वाटेत कोणीच नव्हतं. म्हणून तो पोरगा तिथे उभा आहे. घड्याळ संपेपर्यंत तो फक्त उभा राहतो आणि मग इतरांबरोबर चालत आत जातो.